पंचावन्न सेकंदांचं मिनिट

सान्वीने वहीतला पंचावन्नचा आकडा खोडला, कागदावरची रबराची चुरी हाताच्या कडेने झटकली आणि त्याच जागी साठ लिहिलं. झालं ते एवढंच. शनिवारची सकाळ होती. ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावरच्या सोसायटीचा हॉल, सतरंजीवर बसलेली सहा मुलं, सहा बोर्ड, तीन जुने लॅपटॉप आणि वर फिरणारा, मधूनच टकटक करणारा पंखा. त्यात एका चौथीतल्या मुलीने एक आकडा खोडून दुसरा लिहिणं ही लक्ष जावं अशी गोष्टच नव्हती. पण तानाजी खराडे बसले होते त्या प्लास्टिकच्या खुर्चीतून त्यांना ते दिसलं, आणि जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं त्यांना झालं.

त्याआधीचं मिनिटभर त्यांना नीट आठवत होतं. मुलांना काम सोपं दिलं होतं. बोर्डावरचा लाल दिवा एक मिनिट लागेल आणि आपोआप विझेल, असा प्रोग्रॅम चिपमध्ये भरायचा, मोबाईलच्या घड्याळावर मोजायचं आणि वहीत लिहायचं. पाच जणांचे साठ आले. सान्वी म्हणाली, "सर, माझं मिनिट पंचावन्नलाच संपतंय."

"अरे हिचा मोबाईलच स्लो आहे," सिद्धेश म्हणाला. हा सातवीतला, वर्गात सगळ्यांत मोठा, आणि कुणाचं काही बिघडलं की त्याच्या अंगात उत्साह येई.

"ए गप रे. स्लो असता तर कमी आले असते का? म्हणजे... आले असते का, सर?"

प्रश्न चांगला होता. इतर कुठल्याही दिवशी खराडे त्या प्रश्नावर अर्धा तास रमले असते. पण तेव्हा समृद्धीच्या लॅपटॉपची वायर सैल झाली होती, ते तिकडे वाकले होते, आणि वाकल्या वाकल्याच त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "सुरुवातीला कळ दाबायला उशीर झाला असेल बाळा. स्क्रीनवर बघ बरं, बरोबर साठ आलेत की नाही?" सान्वीने स्क्रीनवर बघितलं. तिथे साठ होते. तिने खोडरबर मागितला.

वर्ग संपेपर्यंत ते बोलत राहिले, पण त्यांचं स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ते वाक्य त्यांना ओळखीचं वाटत होतं. 'कळ दाबायला उशीर झाला असेल. स्क्रीनवर बघ.' वाक्यातला तो हळुवार, समजूतदार सूरसुद्धा ओळखीचा होता. रागावून बोललेलं वाक्य माणसाच्या लक्षात राहतं आणि कधीतरी टोचतं. हे वाक्य प्रेमाने बोललं गेलं होतं, म्हणून ते इतकी वर्षं आत कुठेतरी गुपचूप पडून राहिलं आणि आज वेळ येताच जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडे न होता, बाहेर आलं.

निवृत्तीनंतर खराड्यांनी हा वर्ग सुरू केला त्याला तीन वर्षं झाली होती. मुलांना ते चिपची भीती वाटू देत नसत. प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरला मुलं आयडीई म्हणत. खराडे त्याला ओटा म्हणत. स्वयंपाकाच्या ओट्यावर जसं एकाच जागी चिरायचं, फोडणी द्यायची, चव बघायची, तसं इथे एकाच खिडकीत सगळं. वर लिहायची जागा, खाली तक्रारींची पट्टी, उजवीकडे चिपच्या पोटात काय चाललंय ते. लिहून झालं की एक बटण दाबायचं. खालच्या पट्टीत 'चुका शून्य, इशारे शून्य' असं आलं की मुलं टाळ्या वाजवत. आणि त्यात एक सिम्युलेटर होता. म्हणजे बोर्ड हातात नसला तरी प्रोग्रॅम स्क्रीनवरच चालवून बघायचा, दिवा किती सेकंद लागेल ते हजाराव्या भागापर्यंत तिथे लिहून येई. खराड्यांचं त्या सिम्युलेटरवर प्रेम होतं. नोकरीत रात्रंदिवस त्याच्यासमोर बसून त्यांचे केस पांढरे झाले होते. तो दमत नाही, त्याचं बोट उशिरा पडत नाही, त्याला घरी जायची घाई नसते. फक्त एक गोष्ट मुलांना समजावताना ते दरवेळी सांगायचे, आणि आज नेमकी सांगितली नव्हती. चिपला वेळ कळत नाही. तिला ठोके कळतात. तिच्या शेजारी वालाच्या दाण्याएवढी एक चंदेरी डबी असते, तिला क्रिस्टल म्हणतात. तो ठोके देतो, सेकंदाला एक कोटी दहा लाखांच्या वर. एवढे ठोके झाले की मिनिट झालं, असा हिशोब आपण प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवतो. सिम्युलेटरलाही क्रिस्टल कुठला ते आपणच सांगतो. म्हणजे आपण जे त्याला सांगितलं तेच तो गंभीर चेहऱ्याने आपल्याला परत सांगतो. भाजीची कृती वाचून 'मीठ बरोबर आहे' म्हणावं, तसा. जीभ लावायची ती बोर्डालाच.

मुलं गेल्यावर सान्वीचा बोर्ड त्यांनी पिशवीत वेगळा ठेवला. सहाही बोर्ड त्यांनी घरीच जोडले होते, आणि सामान कोलशेतच्या कंपनीतून आणलेल्या बिस्किटांच्या डब्यातलं. कंपनी बंद पडली तेव्हा मालकाने प्रत्येकाला काय हवं ते न्या म्हणून सांगितलं होतं. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पंखे, खराड्यांनी तो डबा आणला. घरी जेवायला बसायच्या आधी त्यांनी खिडकीशी जाऊन भिंग काढलं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता, त्यामुळे बोर्ड उन्हात तिरका धरावा लागला. डबीवर बारीक अक्षरांत बारा लिहिलं होतं. बाकीच्या पाच बोर्डांवर अकरा पॉइंट शून्य पाच नऊ दोन. हा क्रिस्टल ठोके जलद देत होता, म्हणून ठरलेले ठोके लवकर संपत होते, म्हणून मिनिट पंचावन्न सेकंदांत उरकत होतं. सान्वीचं बोट अगदी वेळेवर पडलं होतं.

"जेवताय ना?" देवयानी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "का भिंगाने पोट भरणार आहे?"

ते जेवायला बसले. आमटी, भात, मेथीची भाजी. देवयानी शेजारच्यांच्या गॅलरीतल्या कबुतरांबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि खराडे 'हं' म्हणत होते, पण त्यांच्या डोळ्यांसमोर कोलशेतची ती लांबट खोली होती, खाडीकडच्या खिडक्यांतून येणारा खारट, चिखलाचा वास होता आणि टेबलापाशी उभी असलेली दर्शना गायकवाड होती. बावीस वर्षांची, डिप्लोमा झालेली, टेस्टिंगला लागून पाच महिने झालेली. सहावा महिना पुरा झाला की कायम व्हायची. ठाकुर्लीहून यायची. तिच्या मनगटावर वडिलांचं जुनं, तिला मोठं होणारं घड्याळ असे आणि ते सरकू नये म्हणून तिने पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घेतलं होतं. कंपनी तेव्हा दवाखान्यांतली हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायची यंत्रं बनवायची. छोटी, दातांच्या डॉक्टरांना, प्रसूतिगृहांना लागतात ती. आत वाफ भरली की वीस मिनिटं तशीच राहिली पाहिजे. ती वीस मिनिटं मोजणारा प्रोग्रॅम खराड्यांचा.

"सर, वीस मिनिटं भरत नाहीत. अठरा मिनिटं सव्वीस सेकंदच होतात," दर्शना म्हणाली होती. "तीनदा मोजलं."

तेव्हाही ते कशात तरी वाकलेलेच होते. त्यांनी तिला बोलावून स्क्रीन दाखवला होता, सिम्युलेटर चालवला होता, वीस मिनिटं शून्य सेकंद, आणि म्हणाले होते, "कळ दाबायला उशीर झाला असेल. स्क्रीनवर बघ." ती म्हणाली, "घड्याळ रोज सकाळी स्टेशनच्या घड्याळाशी लावून घेते, सर." त्यावर ते हसले होते. वाईट नव्हतं ते हसणं, कौतुकाचंच होतं. आणि मग तिच्या तपासणीच्या कागदावर, अठरा सव्वीसवर आडवी रेघ मारून, त्यांनी स्वतःच्या देखण्या अक्षरात लिहिलं होतं: वीस. हाताने मोजल्यामुळे फरक. खाली तिची सही लागते. त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं. तिने पेनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग सही केली.

खराड्यांनी ताटात भात पुन्हा कालवला. आपण तिला दमदाटी केली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. दमदाटी माणूस झटकून टाकू शकतो. पण ज्याच्यावर विश्वास आहे असा माणूस हसून म्हणतो, तुझं चुकलं असेल, तेव्हा ते झटकायचं कुठे? ते आपलंच होऊन बसतं. सान्वीने रबराची चुरी झटकली, तीही किती सहजपणे. तिचा चेहराही पडला नव्हता. तेच वाईट होतं. तिचा चेहरा पडला असता तर त्यांनी विचारलं असतं, काय गं.

पुढचंही सगळं ओळीने आठवायला लागलं. तीन आठवड्यांनी एक बोर्ड दुसऱ्याच कामासाठी हातात घेतला तेव्हा त्यांना डबीवर बारा दिसलं होतं. खरेदीवाल्यांनी चिठ्ठी पाठवली होती, हवा तो क्रिस्टल बाजारात नाही, बारा चालेल का. आणि चिठ्ठीवर त्यांनीच लिहिलं होतं, चालेल. चाललं असतंही, हिशोबातला एक आकडा बदलला असता तर. तो बदलायचा राहिला. तोवर त्या क्रिस्टलची अकरा यंत्रं दवाखान्यांत पोचली होती. खराड्यांनी कुणाला काही न सांगता नवीन चिपा भरल्या आणि अकराही ठिकाणी स्वतः गेले. माजिवड्याचे एक दातांचे डॉक्टर, कल्याणातली दोन प्रसूतिगृहं, उल्हासनगर, बदलापूर. चार स्क्रू काढायचे, चपट्या टोकाने जुनी चिप उचलायची, नवी बसवायची. नेहमीची तपासणी, असं सांगायचं. माजिवड्याच्या डॉक्टरांनी चहा पाजला आणि म्हणाले, तुमच्यासारखी माणसं हल्ली राहिली नाहीत. त्या तीन आठवड्यांत त्या यंत्रांतून काय काय बाहेर पडलं, कुणाच्या दातांत गेलं, ते त्यांना कधीच कळलं नाही. काही ऐकू आलं नाही, म्हणजे काही झालं नाही, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. यंत्रं दुरुस्त झाली. पण त्या चिपा भरायच्या आधीच, महिन्याअखेरीच्या बैठकीत दर्शनाचा कागद निघाला तेव्हा कारखान्याचे मॅनेजर म्हणाले होते, "मुलगी बरी आहे, पण निरीक्षण कच्चं. तशी कुठून आलीय हे बघता..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं होतं. ते वाक्य कुठे जातंय हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. खराड्यांनाही. त्यांच्या फाइलमध्ये तेव्हा अकरा दवाखान्यांची यादी होती. ते फाइलकडे बघत राहिले. दर्शनाला टेस्टिंगमधून काढून पॅकिंगला टाकलं, आणि दोन महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. जाताना टेबलापाशी येऊन 'येते सर' म्हणाली. ते म्हणाले, 'हो हो, कळवत राहा.'

"मिक्सर घरघरतोय," देवयानी म्हणाल्या. "ठाकुर्लीत ती बाई आहे ना स्टेशनजवळ, हात चांगला आहे म्हणतात तिचा. तुम्ही दरवेळी डोंबिवलीला कशाला पळता देव जाणे."

खराड्यांनी मान खाली घातली. दुकान ठाकुर्लीत, पत्र्याचं, बारा वर्षांपासून. मिक्सर, इस्त्री, गिझर दुरुस्ती. ती बाई दर्शना होती. ते तिला ओळखत होते म्हणून डोंबिवलीला पळत होते. स्टेशनकडे जाताना ते रस्त्याच्या पलीकडून जात आणि तेवढ्या पन्नास पावलांत त्यांना मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं बघायचं असे.

रविवारी सकाळी मिक्सर पिशवीत घालून ते निघाले. वाटेत त्यांनी मनाशी दोनतीन सुरुवाती जुळवल्या. सगळ्या भाषणासारख्या वाटत होत्या. दुकानापुढे एक बाई बसून तिच्या इस्त्रीची वाट बघत होती. आत दर्शना स्टुलावर, चष्मा नाकावर, पंख्याच्या मोटारीचं तारांचं वेटोळं हातात. केस पुढे थोडे पिकले होते. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली स्क्रूंच्या बरण्या, मापाप्रमाणे लावलेल्या. तिने वर बघितलं. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"या सर. बसा. काय आणलंत?"

"मिक्सर. घरघरतोय."

तिने मिक्सर लावला, कान जवळ नेला, बंद केला, पुन्हा लावला. "कोण म्हणतं घरघरतोय?"

"बायको."

"याला काही झालेलं नाही. पायांखालचं एक रबर गेलंय, म्हणून ओट्यावर नाचतो." ती रबर शोधायला बरणीत हात घालू लागली. इस्त्रीवाल्या बाईला तिने, "मावशी, अर्ध्या तासाने या, कॉइल तापत ठेवलीय," म्हणून वाटेला लावलं. बाई गेली. आता दोघंच उरले आणि खराड्यांनी जुळवलेल्या सगळ्या सुरुवाती पळून गेल्या.

"दर्शना, ते वीस मिनिटांचं..."

"अठरा सव्वीस," ती रबर बसवता बसवता म्हणाली.

खराडे बोलू लागले. क्रिस्टल, चिठ्ठी, चालेल, आकडा बदलायचा राहिला. वर्गात मुलांना सांगावं तसं क्रमाने, कुठलीही पायरी न गाळता त्यांनी सांगितलं, कारण तेवढंच त्यांना येत होतं. तुझं बरोबर होतं आणि मला तीन आठवड्यांनी कळलं होतं, इथपर्यंत आल्यावर ते थांबले.

"माहीत आहे," दर्शना म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सर, मी पॅकिंगला होते ना. चिपांवर नव्या आवृत्तीची गोल लेबलं कोण चिकटवायचं? ट्रे माझ्याच टेबलावर आला. मोजल्या तर अकरा. टेस्टिंगला असताना माझ्या हातून अठरा सव्वीसवाली यंत्रं किती गेली होती? अकरा. गणित येतं मला."

इतकी वर्षं ज्या गोष्टीवर आपण एकटेच बसून आहोत असं त्यांना वाटत होतं, त्या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला ही बसून होती आणि हिला तर सगळं दिसत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून." तिने मिक्सर उलटा केला, सरळ केला. "दोन महिने थांबले. रोज वाटायचं, आज सर येतील पॅकिंगमध्ये. आलातही एकदा. बबलवालं प्लास्टिक आहे का म्हणून विचारायला." ती हसली. "घरी फोटोची फ्रेम पाठवायची होती तुम्हाला. मीटरभर दिलं मी कापून."

ते त्यांना आठवत नव्हतं. अजिबात आठवत नव्हतं, आणि त्याची त्यांना जास्त लाज वाटली.

"मला माफ कर, असं म्हणायला..."

"ते बघू," ती म्हणाली. रागाने नव्हे, एखादं काम घ्यायचं की नाही हे अजून ठरलेलं नसलं की दुकानदार म्हणतो तसं. "आधी हे सांगा, आज कसे आलात? बारा वर्षं समोरच्या फुटपाथवरून जाता. मी राजरत्नला सांगते, माझ्या नवऱ्याला, बघ, गेले मोबाईलवाले सर."

मग त्यांनी सान्वीचं सांगितलं. बोर्ड, पंचावन्न, वाकलेलं असताना निघालेलं वाक्य. दर्शनाचा हात थांबला.

"तिने खोडलं?"

"हो."

"तुमच्यासमोर?"

"हो."

"आणि तुम्ही बघत बसलात."

"हो."

रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. दर्शनाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, सही केली ना मी त्या कागदावर, त्यानंतर कितीतरी वर्षं मीटरवर सगळं दोनदा मोजायचे. एकदा माझ्यासाठी आणि एकदा, कुणी म्हणालं चुकलंय तर म्हणून. अजूनही मोजते. गिऱ्हाईकाला वाटतं, बाई फार काळजीवाली. किती वर्षांची आहे ती?"

"नऊ."

"मग इथे काय करताय तुम्ही? माझ्याकडे यायला अठरा वर्षं लावलीत, अजून दोन दिवस लावले असतेत तरी माझं काही बिघडत नव्हतं. तिचं बिघडतंय." तिने मिक्सर पिशवीत घालून पिशवी त्यांच्या हातात दिली. "शनिवारपर्यंत थांबू नका. पोरीचं एकदा पक्कं बसलं की निघत नाही."

"पैसे..."

"रबराचे कसले पैसे घेऊ. निघा."

परत येताना ते दुकानाच्याच बाजूने आले. ऊन चढलं होतं, पिशवीचा बंद बोटांत रुतत होता. माफ केलं का तिने, हे त्यांना कळलं नव्हतं आणि ते विचारायची आपली जागा नाही, एवढं मात्र कळलं होतं. माणूस आपल्या चुकीकडे बघतो तेव्हासुद्धा स्वतःलाच मधोमध बसवतो, असं त्यांना वाटलं. मी चुकलो, मी लपवलं, मला टोचतं. दर्शनाने तीन वाक्यांत त्यांना तिथून उठवून बाजूला बसवलं होतं, आणि मधोमध एक नऊ वर्षांची मुलगी ठेवली होती.

घरी मिक्सर ठेवून, बोर्ड घेऊन ते तिसऱ्या मजल्यावर गेले. दार सान्वीच्या आईने, प्रियांकाने उघडलं. हाताला पीठ लागलेलं. सान्वी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"सान्वी," खराडे दारातच म्हणाले, "काल तुझं बरोबर होतं. चूक माझी होती."

सान्वीने मान वर केली. तिने त्यांच्याकडे जरा काळजीने बघितलं, आजोबांचं काही हरवलं की नातवंडं बघतात तसं. "नाही सर. मी घरी विचार केला. माझंच बोट उशिरा पडलं होतं."

"हिची घाईच असते हो सर," प्रियांका म्हणाली. "शाळेतही तेच. येत असतं सगळं, पण सिली मिस्टेक. टीचर पण हेच म्हणाल्या."

सान्वी मान हलवून हसली, स्वतःबद्दलची एखादी जुनी, ठरलेली गोष्ट ऐकल्यासारखी. खराड्यांच्या खिशात भिंग होतं. ते काढावं, डबीवरचा बारा दाखवावा, ठोक्यांचं समजावून सांगावं; मुलगी हुशार होती, दोन मिनिटांत तिला पटलं असतं. त्यांचा हात खिशापर्यंत गेला आणि थांबला. पटलं असतं, पण पुन्हा त्यांच्याच म्हणण्यावर. काल सर म्हणाले साठ म्हणून साठ, आज सर म्हणतात पंचावन्न म्हणून पंचावन्न. तिच्या हातात काय राहणार होतं? चाळीस वर्षं शिकवण्याची हौस बाळगून ही एवढी साधी गोष्ट आज जिन्यात तिसऱ्या मजल्यावर येऊन कळावी, याचं त्यांना नवल वाटलं.

"तरी एकदा मोजूया," ते म्हणाले आणि गुडघे कटकट वाजवत जमिनीवर बसले. बोर्डाची वायर त्यांनी मोबाईलच्या चार्जरला लावली. प्रियांकाने आपला फोन पीठ न लागलेल्या दोन बोटांनी काढून सान्वीला दिला. सान्वीने कळ दाबली, दिवा लागला. ती फोनकडे बघत राहिली, मग दिव्याकडे, आणि दिवा विझला त्या क्षणी तिने अंगठा मारला. आणि लगेच, फोनवरचा आकडा वाचायच्याही आधी, तिने खराड्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"किती?" ते म्हणाले.

"पंचावन्न..." तिचा आवाज वर गेला. ती अजून त्यांचा चेहराच वाचत होती. "पण उशीर झाला असेल ना? साठ?"

खराड्यांनी तोंडातलं उत्तर गिळलं. "परत मोज."

दुसऱ्या वेळी तिने फोन जमिनीवर ठेवून दोन्ही हात मोकळे केले. पुन्हा पंचावन्न, पुन्हा ती नजर. ते हसू नये म्हणून ओठ दाबत होते. पण डोळ्यांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. माणूस गप्प बसला तरी त्याच्या चेहऱ्यावर उत्तर राहतंच. म्हणून तिसऱ्या वेळी ते दोन्ही हातांवर भार देऊन सावकाश वळले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. समोर पांढरी भिंत होती, तिच्यावर सान्वीने कधीतरी पेन्सिलीने काढलेला एक मासा होता. मागे कळ दाबली गेली. प्रियांकाचं लाटणं पोळपाटावर आपटायचं थांबलं होतं. खराड्यांना आयुष्यभर मनातल्या मनात सेकंद मोजायची सवय होती. त्यांनी मोजले नाहीत. माशाच्या डोळ्याकडे बघत ते बसून राहिले. शिकवणाऱ्या माणसाला काहीच न करता बसणं किती जड जातं, ते त्यांच्या खांद्यांना कळत होतं.

मागे अंगठ्याचा आवाज झाला.

"पंचावन्न," सान्वी म्हणाली. या वेळी आवाज वर गेला नाही. ती उठल्याचं त्यांना ऐकू आलं, अनवाणी पावलं स्वयंपाकघराकडे गेली. "आई, हात धू. आता तू मोज. तुझेपण पंचावन्नच येतील."